तात्पुरता आवाज

ते पत्र येऊन सात आठवडे झाले होते आणि मामांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. म्हणजे उत्तरं अकरा लिहून झाली होती. अकराच्या अकरा टेबलाच्या खालच्या खणात, तारखा घालून, टाचणी लावून ठेवलेली होती. माणूस आळशी असता तर गोष्ट वेगळी. मामा कमालीचे कष्टाळू होते, म्हणूनच पत्र जात नव्हतं.

पहिल्या उत्तरात त्यांना मायना पटला नाही. दुसऱ्यात मायना जमला, पण पहिलं वाक्य पान उलटून पलीकडे गेलं. पाचव्यात 'दिलगीर' की 'क्षमस्व' यावर दोन दिवस खर्ची पडले. नववं इतकं नेटकं उतरलं की हे कुणी खरं मानेल का, असा मामांनाच संशय आला. आणि अकराव्यापर्यंत इतका उशीर झाला होता की त्या उशिरावरच एक वेगळा परिच्छेद लिहावा लागला.

मामा खरे एकट्या मालकाचे मामा. कंपनी त्यांच्या थोरल्या बहिणीच्या मुलाची. पण ऑफिसात भाचा त्यांना मामा म्हणे म्हणून बाकीचे पंचवीस जणही मामा म्हणू लागले. चाळीस वर्षं एका शब्दकोशाच्या कचेरीत मुद्रितं तपासून मामा निवृत्त झाले होते, आणि उरलेलं आयुष्य बहिणीच्या घरातल्या मागच्या खोलीत पुस्तकं वाचत काढायचं, यापलीकडे त्यांची काही महत्त्वाकांक्षा नव्हती. भाच्याला ते बघवलं नाही.

"मामा, तुझ्याकडे भाषा आहे, माझ्याकडे ॲप आहे," तो म्हणाला होता. "सोपं लिहायला माणूस हवाय."

ॲप होतं ऑटिझम असलेल्या मुलांच्या घरांसाठी. थेरपिस्टची वेळ घेणं, मुलाची रोजची नोंद ठेवणं, आणि जी मुलं तोंडाने बोलत नाहीत त्यांच्यासाठी चित्रांची पाटी. मुलाने चित्र दाबायचं, फोनने शब्द बोलायचा. 'मदत, प्रत्येक घराच्या हाताशी' असं ऑफिसच्या भिंतीवर पुरुषभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं. त्या भिंतीपर्यंत पोचायला मात्र एक कार्ड, एक आकडा आणि फोनवर येणारा दुसरा आकडा लागत असे. तेवढं सगळं करून आत आलेल्या पंचवीस जणांपैकी एकाच्याही घरी तसं मूल नव्हतं. त्यामुळे चर्चा अगदी मोकळेपणाने होत.

पाटीवर दोनशे बारा चित्रं होती. ॲप पहिल्यांदा पाहुण्यांना दाखवायचं होतं त्याच्या आदल्या दिवशी कळलं की ठरवलेल्या निवेदिकाबाईंचा घसा बसलाय. भाच्याने मामांना कोट टांगायच्या कपाटात उभं केलं, कारण तिथे आवाज घुमत नाही, आणि हातात यादी दिली. "वाच फक्त. तात्पुरतं आहे." मामा इतके घाबरले की प्रत्येक शब्दाआधी त्यांनी घसा खाकरला. दोनशे बारा शब्द, दोनशे बारा खाकरणी. तात्पुरता आवाज चौदा महिने टिकला.

ते चौदा महिने मामांनी शरमेत काढले. शेवटी त्यांनी भाच्याला दीड पानाचं टिपण दिलं: आवाज कर्कश, उच्चार जुनाट, खाकरण्याची खोड अक्षम्य, तो त्वरित काढावा आणि मूळ ध्वनिमुद्रणं नष्ट करावीत. 'नष्ट' या शब्दाखाली दोन रेघा. मामांनी कंपनीला आजवर साठेक सूचना केल्या होत्या. ताबडतोब आणि पूर्णपणे अमलात आलेली ही एकच.

नवा आवाज आला. त्यात किती टक्के ऊब आहे याचा आलेखही आला. आणि तीन आठवड्यांनी पत्र आलं, चक्क कागदावर. दाराशी बसणाऱ्या मुलीने ते दोन बोटांत धरून आणलं आणि मामांच्या टेबलावर ठेवलं. ऑफिसात कागद आला की तो मामांचाच असणार, हे सर्वमान्य होतं.

"तुमच्या ॲपमुळे माझी मुलगी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून काही मागायला शिकली," असं पत्र सुरू होत होतं, "पण गेले काही दिवस ती पुन्हा गप्प झाली आहे. ती सात वर्षांची आहे. आधी तुमच्या ॲपमध्ये कुणी आजोबा बोलायचे. ती चित्र दाबायची आणि ते म्हणायचे, दूध. प्रत्येक शब्दाआधी घसा खाकरायचे. आम्हाला वाटलं फोन बिघडला. मग एक दिवस चित्र दाबायच्या आधी तीच खाकरली. थेरपिस्ट बाई म्हणाल्या, कुणाचं तरी ऐकून तिने काढलेला हा पहिला आवाज आहे. त्या दिवशी आम्ही दोघं नवराबायको घरभर खाकरत हिंडत होतो.

"आता नव्या बाई बोलतात. छान बोलतात, तक्रार नाही. पण परवा तिचा कान दुखत होता. तिने 'दुखतंय' दाबलं, तर फोन इतक्या आनंदाने 'दुखतंय!' म्हणाला की ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने फोन उपडा ठेवला. तेव्हापासून पाटीला हात लावलेला नाही. अठरा मार्चला शाळेत तिची भेट आहे. तोंडाने नाही तर नाही, कुठल्याही मार्गाने तिने चार गोष्टी मागून दाखवल्या तर घेऊ, असं शाळा म्हणते. गेल्या वर्षी नाही म्हणाले होते. या वर्षी तिला जमलं असतं. ॲपमध्ये तक्रार लिहिली, तर 'तुमचं प्रेम आमच्यापर्यंत पोचलं' असं उत्तर आलं. म्हणून हे पत्र. माझे दोनच प्रश्न आहेत. जुना आवाज परत मिळेल का? आणि ते आजोबा कुठे गेले? वारले असतील तर तसं कळवा. तिला कसं सांगायचं ते मी बघेन."

वारले नव्हते. खालच्या खणाशी बसले होते.

'मी जिवंत आहे' एवढं कळवायला कुणाला सात आठवडे लागत नाहीत. अडचण त्याच्या पुढच्या वाक्याची होती. तुमच्या मुलीचे शब्द कंपनीने काढले नाहीत, मीच काढायला लावले, आणि कशासाठी तर मला माझा आवाज आवडत नाही म्हणून: हे कुठल्याही शैलीत लिहिलं तरी वाईटच दिसत होतं. मामांनी अकरा शैली करून पाहिल्या होत्या.

भाच्याला सांगायचा प्रयत्न त्यांनी केला नव्हता असं नाही. पहिल्याच आठवड्यात ते धीर करून त्याच्या काचेच्या खोलीत गेले होते.

"एका आईचं पत्र आलंय," मामा म्हणाले. "जुना आवाज मागतेय."

"भारी!" भाचा म्हणाला. "मामा, हेच हवं असतं आपल्याला. फॉर्ममध्ये टाक ना."

फॉर्मने मामांना विचारलं, तुम्ही कोण? पालक, थेरपिस्ट की गुंतवणूकदार? मामांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि तिन्ही सोडून दिले. फॉर्म पुढे सरकेना. शेवटी त्यांनी 'पालक' दाबलं, आणि आयुष्यात प्रथमच खोटं बोलल्यासारखं वाटून संध्याकाळपर्यंत चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्यांचं प्रेम पोचलं होतं.

मग मार्च उजाडला. अकरा तारखेला सकाळी मामा ऑफिसात आले, तर दर्शनी भिंतीजवळ मोठा फलक टेकवून ठेवलेला. त्यावर सुंदर वळणात: 'तुमच्या ॲपमुळे माझी मुलगी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून काही मागायला शिकली.' आणि खाली, 'एक आई'.

पुढचा 'पण' कुठेच नव्हता. त्याच्यामागची तीन पानंही नव्हती.

"तुझ्या टेबलावर पत्र सापडलं," भाचा घाईत म्हणाला. "उद्या पाहुणे येणार आहेत. एकदा शुद्धलेखन बघून घे, म्हणजे टांगतो. आणि मामा, असली पत्रं दडवून काय ठेवतोस रे? केवढा आनंद आहे बघ त्यात!"

चाळीस वर्षांत मामांनी दुसऱ्याच्या मजकुरातला शब्द कधी विचारल्याशिवाय गाळला नव्हता. चूक दिसली तर ते समासात खूण करत आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढत. आता खिशातली पेन्सिल त्यांनी काढली, परत ठेवली, परत काढली. नेमक्या त्याच वेळी प्रोग्रामर मुलगी तिथून जात होती. ती चष्मा कपाळावर चढवून ऑफिसभर चष्मा शोधणारी म्हणून प्रसिद्ध होती, पण बाकी तिच्या नजरेतून फारसं काही सुटत नसे.

"मामा, काय झालं? चेहरा का असा?"

मामांना सांगता येईना. त्यांनी फलकापाशी ठेवलेलं मूळ पत्र तिच्या हातात दिलं. तिने उभ्याउभ्याच वाचलं. तिसऱ्या पानावर थांबली.

"मामा, आज अकरा आहे."

"हो."

"अठराला तिची शाळा आहे."

"हो."

"हे पत्र जानेवारीतलं आहे."

"मी उत्तर लिहितोय," मामा म्हणाले, आणि ऐकताना त्यांना स्वतःलाच ते इतकं हास्यास्पद वाटलं की त्यांनी तिला टेबलापाशी नेऊन सरळ खालचा खण उघडून दाखवला.

तिने अकरा उत्तरं चाळली. "अक्षर सुंदर आहे हो तुमचं," ती म्हणाली. यापेक्षा एखादी कानाखाली बसली असती तर मामांना बरं वाटलं असतं. "पण यात कुठेच आवाज नाही. माफी आहे, व्याकरण आहे. त्या पोरीने काय दाबायचं?"

"जुनी मुद्रणं आहेत ना तुझ्याकडे?"

"नाही. तुम्हीच लिहिलं होतं, नष्ट करा. दोन रेघा मारून." ती खुर्चीत बसली. "आणि ॲपमधला आवाज बदलायचा तर संचालक मंडळाची मंजुरी लागते. मंडळ बसतं महिन्याच्या पहिल्या मंगळवारी. तो होऊन गेला. थांबा जरा." तिने संगणकावर काही काही उघडलं. त्या बाईंचा फोन कुठला, किती जुना, त्यात मेमरी कार्ड बसतं की नाही, तो दिवसातून किती वेळा चार्ज होतो, सगळं कंपनीला ठाऊक होतं. मुलगी गप्प झालीय एवढंच ठाऊक नव्हतं. "अहो, ॲपमध्ये स्वतःचा आवाज भरायची सोय आहे! मीच केली होती. कार्डवर शब्द भरून पाठवले तर मंजुरीही नको. कुणी कधी वापरलीच नाही, म्हणून विसरले."

"का नाही वापरली?"

तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. चौथ्या पानावर, तळाशी, बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'वैयक्तिक ध्वनी-संसाधन व्यवस्थापन'.

"हे कुणी लिहिलं असेल?" ती म्हणाली.

"मी," मामा म्हणाले.

"वाटलंच."

दुपारी दोघं कोटांच्या कपाटात शिरली. एका हातात यादी, नाकाला कुणाच्या तरी ओल्या मफलरचं टोक. मामांनी वाचायला सुरुवात केली. दूध. पाणी. आई. नको. आणखी. स्वच्छ, ठळक, एकही खाकरणं नाही. तिसाव्या शब्दाला तिने मुद्रण थांबवलं.

"मामा, खाकरा की."

"प्रयत्न करतोय."

"हे नाटकातल्या म्हाताऱ्यासारखं वाटतंय."

गंमत अशी की आयुष्यभर जे लपवायला धडपडले ते मागितल्यावर मामांना काही केल्या जमेना. त्यांनी मोठ्याने खाकरून पाहिलं, हळू खाकरून पाहिलं. एकदा तर इतकं खाकरले की तिने पाणी आणलं. शेवटी ती डोक्याला हात लावून बसली असताना कपाटाचं दार उघडलं. दारात भाचा.

"माझा कोट आत आहे," तो म्हणाला. मग त्याने मामांकडे बघितलं, यादीकडे बघितलं, तिच्या हातातल्या माइककडे बघितलं. "काय चाललंय?"

मामांनी घसा खाकरला.

"झालं!" प्रोग्रामर ओरडली. "चालू राहू दे, मामा. सर, तुम्ही प्लीज तिथेच उभे राहा."

"मी? कशाला?"

"तुम्ही असलात की त्यांना भीती वाटते."

आणि खरोखर, कंपनीचा मालक कोट हातात घेऊन वीस मिनिटं दारात उभा राहिला आणि मामा त्याच्याकडे बघत, प्रत्येक शब्दाआधी खाकरत, दोनशे बाराच्या दोनशे बारा शब्द म्हणत गेले. 'दुखतंय' आलं तेव्हा त्यांचा आवाज एकदम खाली गेला. भाच्याने कोट या हातातून त्या हातात घेतला. त्या कंपनीच्या इतिहासात मालकाने एखाद्या कुटुंबाला दिलेली ही सर्वांत थेट सेवा असावी.

"ठीक आहे," शेवटी तो म्हणाला. "कल्पना चांगली आहे. 'तुमच्या माणसाचा आवाज.' याचं वेगळं पॅकेज करता येईल. पण मामा, फलकाचं बघितलंस का?"

"बघितलं."

"मग टांगू?"

"पूर्ण पत्र टांग. नाहीतर टांगू नकोस."

"तीन पानं? कोण वाचणार उभं राहून?"

"मी सात आठवडे वाचतोय," मामा म्हणाले. "बसून."

भाचा हसला, मग हसायचा थांबला. "तू चिडलास की काय?"

मामांनी थोडा विचार केला. "बहुतेक," ते म्हणाले. "त्या बाईने मला एक प्रश्न विचारलाय आणि तू तिला भिंतीवर आनंदी करून ठेवतोयस. आधी माझं उत्तर पोचू दे, ते वाचून तिने परवानगी दिली तर काय हवं ते टांग."

फलक त्या दिवशी तरी टांगला गेला नाही. त्याच्या जागी फुलदाणी आली. फुलं कागदाची होती, पण निदान ती कुणाचं वाक्य नव्हती.

संध्याकाळी मामा घरी गेले ते थेट स्वयंपाकघरात, अक्कासमोर. अक्का म्हणजे थोरली बहीण, भाच्याची आई. फोनवर फोटो बघणं आणि चुकून लोकांना फोन लावणं, या दोन गोष्टी तिला येत. मामांनी टेबलावर कार्ड ठेवलं, प्रोग्रामरने दिलेला जुना फोन ठेवला आणि एक कागद ठेवला. कागदावर, कार्ड घालून जुना आवाज कसा सुरू करायचा त्याच्या पायऱ्या.

"वाच आणि कर," ते म्हणाले. "मी मधे बोलणार नाही."

"तू कधी मधे बोललास आयुष्यात?" अक्का म्हणाली आणि चष्मा लावला. "'कार्ड फोनच्या खाचेत सरकवावे.' कुठली खाच? इथे तर भिंत आहे सगळीकडे."

"बाजूला बारीक भोक आहे. त्यात पिन घालायची."

"मग ते लिही ना. पिन कुठून आणू? केसातली काढू?"

मामांनी लिहिलं. अक्काने वाचलं. दुसऱ्यांदा ती तिसऱ्या पायरीवर अडकली, कारण कागदावर 'संबंधित पर्याय निवडावा' असं लिहिलं होतं.

"कोणाशी संबंधित?"

"म्हणजे... तिथे दाबायचं."

"अरे, चाळीस वर्षं शब्द मोजलेस, त्यात 'इथे दाबा' हे दोन शब्द कधी हाताला लागले नाहीत का रे?"

मामांनी ते पान फाडलं. नव्या पानावर त्यांनी फोनचं चित्र काढलं, जिथे दाबायचं तिथे बाण काढला. चौथ्या पानाच्या तळाशी लांबलचक नाव दिसेल, ते वाचत बसू नका, दाबा, असंही लिहिलं. ते नाव ज्याने ठेवलं तो माणूस आता सुधारतो आहे, असं लिहावंसं त्यांना वाटलं, पण अक्का खांद्यावरून वाचत होती. तिसऱ्या खेपेला तिने कुणाला काही न विचारता शेवटची पायरी पार केली आणि ग्लासाच्या चित्रावर बोट ठेवलं. फोन खाकरला आणि म्हणाला, "पाणी."

"अगदी तूच," अक्का म्हणाली. "लहानपणापासून असाच. आधी कुरकुर, मग शब्द." आणि खरंच उठून तिने त्याला पाणी दिलं.

मामांनी ग्लास तसाच ठेवला. "अक्का, आवाज मीच काढायला लावला, हे लिहू का?"

"त्या बाईला तुझ्या चारित्र्याशी काय करायचंय?"

"तिने विचारलंय, आजोबा कुठे गेले."

अक्काने चष्मा काढला. "मग लिही. पण एका ओळीत. तिला घरची कामं असतील."

बारावं उत्तर त्यांनी तिथेच, टेबलावरची भांडी बाजूला सारून लिहिलं:

'आपलं पत्र मिळालं. उत्तराला सात आठवडे लागले, यात चूक फक्त माझी. ते आजोबा वारलेले नाहीत. तो मी आहे. मला माझा आवाज आवडत नव्हता म्हणून मीच तो काढायला लावला. आपल्या मुलीला तो लागतो हे मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. सोबतच्या कार्डात सगळे शब्द पुन्हा म्हटले आहेत, खाकरण्यासकट. ते कसं सुरू करायचं, त्याचा कागद जोडला आहे. माझ्या बहिणीला तो तिसऱ्या प्रयत्नात जमला, तेव्हा आपल्याला पहिल्यात जमेल. अडलं तर खालच्या नंबरावर फोन करा. प्रोग्रामर बाई उचलतील; त्या नसल्या तर मी उचलेन. आणखी एखादा शब्द तिला हवा असेल, जो यादीत नाही, तर तोही कळवा.'

वाचून त्यांना तीन ठिकाणी दुरुस्ती सुचली. शेवटचं वाक्य आधी यायला हवं होतं. 'लागतो' ऐवजी दुसरा शब्द अधिक नेमका झाला असता. अक्काने कागद त्यांच्या हातातून ओढून घेतला, घडी घातली आणि पाकिटात सारला.

"अगं, पण..."

"तेरावं आता तिने लिहिलं की लिहायचं."

सकाळी पोस्टाच्या खिडकीशी मामा तिसरे होते. खिडकीतल्या बाईने पाकीट दाबून पाहिलं.

"आत काय आहे?"

"आवाज," मामा म्हणाले. मग घाईघाईने, "म्हणजे कार्ड. फोनचं कार्ड."

"कधी पोचायला हवं?"

"अठराच्या आत. नक्की जाईल ना?"

"काका, पोस्टात टाकताय, विहिरीत नाही. परवा पोचेल." तिने वजन केलं, पावती फाडली आणि पत्ता पुन्हा एकदा मोठ्याने वाचला. मामांनी मान हलवली. तिने पाकिटावर शिक्का मारला आणि ते मागच्या पिशवीत टाकलं.

रांगेतला पुढचा माणूस, "झालं का तुमचं?" असं विचारेपर्यंत मामा पिशवीकडे बघत उभे होते.

"झालं," ते म्हणाले, आणि बाजूला झाले.